कोकणचा कॅलिफोर्निया, घरच्या घरी

प्रचारसभा असो, शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन, कोकणात माईक हाती आला की पहिल्या पाच मिनिटांत 'कोकणचा कॅलिफोर्निया करू' म्हणून मोकळे व्हा. ही प्रथा तुमच्या हातून मोडू नये. माझ्या आजोबांनी हे वाक्य ऐकलं, वडिलांनी ऐकलं, मी ऐकलं, आता भाचा ऐकतोय. देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक मागणीनंतर 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं, तशा इथे टाळ्या वाजवायच्या असतात. गेल्या वर्षीच्या गाऱ्हाण्याचं काय झालं, हे देवाला कोणी विचारतं का? मग इथे तरी का विचारावं?

पहिलं पथ्य म्हणजे नकाशा उघडू नका. कॅलिफोर्नियाचं क्षेत्रफळ ४ लाख २३ हजार चौरस किलोमीटरच्या वर. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांचा. त्यात कोकण विभाग मुंबई धरून ३० हजारांच्या आसपास. ओटीत नारळ मावतो, माड मावत नाही. कोणी आगाऊ पोराने हे आकडे काढलेच, तर 'क्षेत्रफळाचं नाही रे, मानसिकतेचं बोलतोय' असं म्हणून त्याला चहा सांगायला पाठवा.

पावसाचा विषयही टाळलेला बरा. तिकडे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, म्हणून तिथे बदाम, द्राक्षं, ऑलिव्ह. लॉस एंजेलिसला वर्षभरात साडेतीनशे-पावणेचारशे मिलिमीटर पडतो. आपल्याकडे आषाढ मनावर घेईल तर तेवढा तीन दिवसांत ओतून मोकळा होतो. तेव्हा 'दोन्हीकडे पश्चिमेला समुद्र आहे' एवढ्यावर थांबा. ते खरंच आहे. (गुजरातलाही आहे म्हणा, पण गुजरातचा कॅलिफोर्निया करायला कोणी निघालेलं नाही.)

पाण्याबद्दल बोलायचंच झालं तर तिकडचं बोला. उत्तरेचं पाणी दक्षिणेला न्यायला त्यांनी ७०० किलोमीटरहून लांब कालवा खणला, हे ठासून सांगा. आपल्याकडे कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीला येतं, वीज करतं, वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. वर्षाला ६७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास. हे सांगू नका, लोक उगाच हिशेब करत बसतात.

आणि पाहुणे आणायचे तर श्रावणात आणा, एप्रिलमध्ये नको. एप्रिलमध्ये आमच्या वाडीत टँकर येतो. तो आपलं पाणी थेट विहिरीत सोडतो, तळाचा गाळ ढवळून निघतो आणि मग तेच पाणी रहाटाने वर काढायचं. शेजारची आक्का कळशीच्या तोंडाला जुन्या पातळाचा फडका चौपदरी बांधते आणि घागर त्यावर सावकाश उपडी करते. फडक्यावर लाल चिखल राहतो, तो ती अबोलीच्या मुळाशी झटकते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्या गावावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, त्या गावातलं हे दृश्य कॅलिफोर्नियाच्या फाइलला शोभत नाही.

फेब्रुवारी-मार्चही पाहुण्यांसाठी वर्ज्य. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत वाळलेलं असतं, कोणाची तरी विडी पडते आणि पंधरा वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवलेली हापूसची कलमं दोन तासांत काळी ठिक्कर होतात. वाडीतले लोक हिरवे डहाळे तोडून आगीला बडवत सुटतात. दुसऱ्या दिवशी पंचनामा. फोटोसाठी हे काही बरं नाही.

जमिनीचं मात्र दाखवा, तिथे आपली प्रगती आहे. सातबारावर अडतीस नावं, त्यातली अकरा वारलेली, पंधरा मुंबईत, आणि दोघे भाऊ बांधावरून बोलत नाहीत. पण एजंटकडे या सगळ्यांचे मोबाइल नंबर असतात. चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा त्याला कळतं की ज्या वरकस जमिनीत तो लहानपणी करवंदं खायचा, तिथे आता 'सी व्ह्यू प्लॉट'चा बोर्ड आहे आणि गुंठ्याचा भाव त्याच्या दोन वर्षांच्या पगाराएवढा.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल एकच सांगतो: चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

तुलनेची एवढी हौस असेल, तर एक खरीखुरी तुलना फुकटात उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ब्लाइथ गावाजवळ जमिनीवर खरवडून काढलेल्या प्रचंड मानवाकृती आहेत. १९३०च्या दशकात एका वैमानिकाला त्या आकाशातून दिसल्या. पुढे त्यांना कुंपण घातलं गेलं. आपल्याकडे राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्तीच सुमारे अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण भाषणात हे घेऊ नका. इथे दोघेही तोलामोलाचे निघतात, मग 'करू' म्हणायला जागाच उरत नाही.

गेल्या मे महिन्यात वाडीतल्या काकांचा मुलगा सॅन होजेहून आला होता. आम्ही चार जण पडवीत, मध्ये फणस फोडलेला. कोणीतरी विचारलं, काय म्हणतो कॅलिफोर्निया? तो सांगत गेला. दुष्काळ पडला तेव्हा अंगणातल्या हिरवळीला आठवड्यातून दोनदाच पाणी घालायची परवानगी होती. पलीकडचा डोंगर पेटला तेव्हा कागदपत्रं गाडीत भरून रात्रभर जागे बसले. घर अजून भाड्याचंच, विकत घेणं झेपत नाही. तिथे जन्मलेले लोकसुद्धा राज्य सोडून चाललेत म्हणाला.

काकांनी चिकाचे बोट खोबरेलात बुडवून चोळलं आणि मुलाकडे जरा कौतुकाने बघितलं.

"म्हणजे आपला झालाच म्हणायचा की रे! उगाच माणसांना नावं ठेवत होतो," असं म्हणून त्यांनी पुढचा गरा सोलायला घेतला.