लहान समूहांतही दीर्घिकांचा वायू हिरावला जातो

दीर्घिकांमधील, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड वसाहतींमधील, वायू हिरावला जाण्याची प्रक्रिया केवळ दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छांतच घडते, हे या विषयावरील लेखातील विधान मला घाईचे वाटते. दीर्घिकांमधल्या जागेत पसरलेल्या तप्त वायूतून जाताना दीर्घिकेवर समोरून दाब येतो आणि तिचा स्वतःचा वायू मागे ढकलला जातो. हा दाब तप्त वायूच्या घनतेवर आणि दीर्घिकेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि लहान समूहांत हा वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरच असल्याने दाब बराच कमी भरतो, हे खरेच. पण म्हणून तो नगण्य ठरत नाही. एनजीसी २३०० या दीर्घिकेभोवतीचा समूह पाहावा. रोसाट उपग्रहाच्या निरीक्षणांतून १९९३ मध्ये तिथे क्ष-किरण उत्सर्जित करणारा तप्त वायू आढळला. त्याच समूहातील एनजीसी २२७६ या सर्पिल दीर्घिकेची पश्चिम कड धनुष्यासारखी दबलेली असून तिथे नवे तारे जोमाने जन्माला येत आहेत; हा त्या तप्त वायूच्या दाबाचा परिणाम वाटतो. अर्थात, शेजारच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाचाही यात वाटा असू शकतो आणि दोन्ही परिणाम वेगळे काढणे सोपे नाही. तरी एक खूण हाताशी असते: गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने वायूबरोबर तारेही विस्कटतात, तप्त वायूचा दाब मात्र ताऱ्यांना जवळजवळ धक्का लावत नाही. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींनी टिपलेले हायड्रोजन वायूचे नकाशे लेखात दृश्य प्रकाशातील छायाचित्रांशेजारी दिले असते, तर हा फरक वाचकांना स्वतःच ताडून पाहता आला असता.