रस्त्याच्या टेंडरात बसवा आपला बंगला

गल्लीच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभा राहिला की बहुतेक पुणेकर दोनच गोष्टी करतात: शिव्या देतात आणि गाडी शेजारच्या गल्लीत लावतात. तुम्ही तिसरी करा. आलं घालून चहा टाका आणि मुकादमाला हाक मारा. काँक्रिटीकरण असो, ड्रेनेज लाइन असो, पावसाळी गटार असो, एवढ्या मोठ्या एस्टिमेटात तुमच्या फाटकाचा रॅम्प म्हणजे दर्या में खसखस.

मात्र मागणी नीट करायला हवी. 'माझ्या पार्किंगमध्ये ब्लॉक बसवून द्या' म्हणालात तर कनिष्ठ अभियंत्याला लगेच नियम आठवतात. 'फाटकाशी पाणी तुंबतं हो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हाल होतात' म्हणा. आणि यात खोटं काहीच नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकला की रस्ता दर खेपेला चार बोटं वर येतो, घराचं जोतं बिचारं आहे तिथेच राहतं. म्हणजे पहिली पायरी तुमच्या हक्काचीच. तिथून पुढे पार्किंग, पार्किंगच्या पुढे तुळशीवृंदावन. हक्क कुठवर ताणायचा हे ज्याच्या त्याच्या वकुबावर.

मुहूर्त मार्चचा. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात माननीयांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, कामांची 'स' यादी असते. बाकडी, बादल्या, कापडी पिशव्या वाटून जे उरतं ते 31 मार्चच्या आत खपवायचं असतं. अशा अडल्या वेळी आपला बोळ पुढे करणं हे नागरिकाचं कर्तव्यच. 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा आता कुणाला धरायचं म्हणून भाबडी मंडळी हवालदिल झाली. जाणत्यांनी माजी माननीयांचे नंबर डिलीट केले नव्हते.

पण खरी पर्वणी म्हणजे शेवटचा मिक्सर. आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवर कालवून आणलेल्या तयार काँक्रीटच्या, गाडीत साधारण सहा घनमीटर माल येतो आणि प्लांटवर पाणी पडल्यापासून दोनेक तासांत तो ओतावा लागतो, नाहीतर ड्रममध्येच धरतो. संध्याकाळी गल्लीचा शेवटचा पट्टा भरून होतो, तळाशी थोडा माल उरतो, आणि ड्रायव्हर तो कुठे रिकामा करू म्हणून इकडेतिकडे बघायला लागतो. त्या क्षणी तुम्ही फाटकात दिसलं पाहिजे. शटरिंगच्या फळ्या आदल्या रात्रीच ठोकलेल्या, खाली खडी पसरून धुमसलेली, हातात पन्नासाच्या दोन नोटा. माल नदीकाठच्या राडारोड्यात जाण्यापेक्षा तुमच्या अंगणात आला, पर्यावरणाची तेवढीच सेवा. मेजरमेंट बुकात, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीत, तो कुणाच्या लांबी-रुंदीत जिरला, हे विचारणं चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही.

आता फुटपाथ. रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, तो 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळा असावा. महापालिकेनं 2016 साली पादचारी धोरणही मंजूर केलंय. ही कागदपत्रं जरूर वाचा. फाटकाचा उतार काढताना नेमकं काय कापायचं आहे ते कळतं. शेजारच्या आजी काठी टेकत येतील, तुमच्या उताराच्या कडेला थबकतील, हात धरायला काही आहे का बघतील, मग रस्त्यावर उतरतील. पलीकडे पुन्हा चढतील, तोवर पुढच्या बंगल्याचं फाटक आलेलंच असेल. डॉक्टरांनी त्यांना नाहीतरी व्यायाम सांगितलाय.

काम उरकलं की 'माननीयांच्या विशेष प्रयत्नांतून' हा फलक आपल्याच कंपाउंडच्या भिंतीवर लावू द्या. त्या निमित्तानं भिंतीला गिलावा आणि रंगाचा एक हात मिळून जातो. मग उताराच्या दोन्ही अंगांना कुंड्या, मधून साखळी आणि पाटी: 'खासगी जागा. गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.'

एवढं सगळं जमून आल्यावर कुणी केबलवाला तोच उतार खणायला आला तर मात्र गय करू नका. मिळकतकराची पावती शोधा, फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. विषय: करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी.