"छान झालंय" ऐकून माझी भिंत दुरुस्त झाली नाही

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरात बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघाले. मी स्वतःच खरवडलं, पुट्टी ओढली, प्रायमर मारला, रंग दिला. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "वा!", "मस्त!", "आता आमच्याकडे ये." खूप बरं वाटलं.

संध्याकाळी शेजारचे काका आले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, अचूक साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. भिंतीला तळहात लावला, बोटांनी ठोकून पाहिलं. खालच्या बाजूला बद्द आवाज आला. म्हणाले, "ओल्या भिंतीवर पुट्टी मारलीस. गणपतीपर्यंत सगळं खाली येईल."

मला राग आला, रात्री रडूही आलं. गणपतीच्या आधीच भिंत सोलली.

मग मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होते. म्हणजे पाणी हवेतलं नव्हतं, भिंतीतून येत होतं. पलीकडे बाथरूम. नळाजवळच्या टाइल्सचे सांधे पार गेले होते. ते कोरून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी झिरपू न देणारा सांधे भरायचा मसाला, भरला, सुटलेला गिलावा पाडून नवा केला आणि वाट पाहिली. दिवाळी गेली तरी काकांनी पुट्टीला हात लावू दिला नाही. प्लॅस्टिक कोरडं निघालं तेव्हा कुठे परवानगी मिळाली. या खेपेला एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात, वाळल्यावर 180 नंबरचा पॉलिश पेपर. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला लागून आडवी धरायची, मग प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. काका बोट ठेवून दाखवायचे, "इथे चुकलं. इथेही." मी पुन्हा घासायचे.

हार्डवेअरच्या दुकानात मला एकाने सांगितलं होतं, "बायकांचं काम नाही हे." त्याला मी स्पष्टवक्तेपणा म्हणणार नाही. त्यात मला दुरुस्त करता येईल असं काहीच नव्हतं. काकांच्या प्रत्येक "चुकलं"मागे कुठे, का आणि आता काय करायचं, हे असायचं. माणसाला नाही, कामाला नावं ठेवायचे ते.

आपल्याकडे "कशाला मन दुखवा" म्हणून आपण गप्प बसतो. ग्रुपवरच्या माझ्या माणसांनी प्रेमानेच लिहिलं होतं, पण पुट्टीची गोणी आणि चार दिवसांची मेहनत वाया गेलीच. मी भिंतीवर लावलेल्या शेल्फच्या बाबतीतही तेच. स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती गिट्टी सैल बसली होती, सगळे फळीचं कौतुक करत होते. काकांनी एका हाताने ओढून ती बाहेर काढून दाखवली. खाली माझ्या मुलाची अभ्यासाची जागा आहे.

मागच्या आठवड्यात कळव्याहून बहिणीने नव्या पुट्टीचा फोटो पाठवला. मी फोन करून सरळ सांगितलं, "रंग लावू नकोस, भिंत ओली दिसतेय." दोन दिवस बोलली नाही. काल रात्री तिचा फोटो आला. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा, चारही बाजूंनी चिकटपट्टी, आतून थेंब.