सामना बघू नका, प्रोग्रॅम जपा

इंग्लंडात येऊन घर झालं, गाडी झाली, गवत कापायचं यंत्र झालं, मुलं मोठी होऊन आपापल्या खोलीत दडी मारून बसायला लागली, आणि आता शनिवारची दुपार खायला उठते? मग वेळ दवडू नका. फुटबॉलचे जुने मॅच प्रोग्रॅम जमवायला लागा.

या देशात सामन्याला आलेल्या माणसाला मैदानाबाहेर एक पुस्तिका विकायची पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. आत दोन्ही संघांची नावं, 'गेल्या शनिवारी नशिबाने दगा दिला' अशा धर्तीचं मॅनेजरचं मनोगत, आणि उरलेल्या पानांवर बोव्हरिल (मांसाच्या अर्काचं गरम पेय), बिअर, सिगारेटी आणि गावातला फर्निचरवाला यांच्या जाहिराती. सामना संपला की तिची रद्दी होते. पन्नास-साठ वर्षं ती कुणाच्या तरी पोटमाळ्यावर पडून राहिली आणि मालकाला तिचा साफ विसर पडला, की त्याच रद्दीला ठेवा म्हणतात. आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेने आधी वारा घेतात आणि मग तिच्यावर भजी ठेवतात, म्हणून आपण मागे पडलो.

तुम्हाला फुटबॉल आवडतो का? आवडत असेल तर जरा पंचाईत आहे. पण सवयीने सुटेल.

पहिल्या दिवशी घरच्यांना एक आकडा सांगून टाका. 25 मार्च 1882 रोजी लंडनच्या ओव्हलवर (होय, क्रिकेटचं तेच ओव्हल) एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडातल्या हरला-की-बाहेर पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सनी ब्लॅकबर्न रोव्हर्सला 1-0 ने हरवलं. त्या सामन्याचा प्रोग्रॅम 2013 साली लिलावात 35,250 पौंडांना गेला. हा आकडा नीट पाठ करा. पोस्टमन दर आठवड्याला पुठ्ठ्याचं पाकीट आणून देणार आहे, आणि घरातून जो प्रश्न येणार आहे त्याला दुसरं उत्तर तुमच्याकडे कधीच नसेल.

तुम्ही जे घेणार आहात ते अर्थात 1882 चं नसेल. ते असेल 1978 चं, कुठल्या तरी मोठ्या क्लबाचं, लीगच्या साध्या सामन्याचं. त्याचा भाव विचारायला जाऊ नका. साठ-सत्तरच्या दशकांत पोरासोरांना प्रोग्रॅम जमवायचं वेड लागलं, क्लबांनी हजारोंनी छापले आणि एकूण एक पोराने ते बुटांच्या खोक्यात जपून ठेवले. परिणाम असा की ते आज पौंडाला एक मिळतात, आणि विकणारा कंटाळलेला असेल तर पौंडाला मूठभर. या धंद्याचं गणित इथेच समजून घ्या: जे सगळ्यांनी जपलं त्याला कुत्रं विचारत नाही. किंमत यायला कुणाच्या तरी आईने पोरगा शाळेत गेलेला पाहून खोकं बंबात घालावं लागतं. अशा आयांचे संग्राहकांवर फार उपकार आहेत. युद्धाने तर त्याहून मोठं काम केलं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, घराघरातून रद्दी गोळा करून तिचा लगदा होत होता, आणि प्रोग्रॅमही आक्रसून एका पानावर आला होता. त्या लगद्यातून जे निसटलं त्यावर आज व्यापारी जगतात.

तेव्हा घेताना गर्दीचे सामने टाळा. 1901 चा एफए कपचा अंतिम सामना बघा. टॉटनहॅम विरुद्ध शेफील्ड युनायटेड, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर लाखाच्या वर माणूस, आणि निकाल 2-2. फेरसामना बोल्टनला ठेवला. रेल्वे कंपनीने स्वस्त तिकिटं द्यायला नकार दिला, म्हणून जेमतेम वीस हजार लोक आले. गर्दीच्या आशेने खानावळवाल्यांनी भाजून ठेवलेले 'पाय' (सारण भरलेले इंग्रजी पेस्ट्रीचे, माणसाचे नव्हेत) पडून राहिले, आणि बोल्टनमध्ये त्या दिवसाचं नावच 'पाय सॅटर्डे' पडलं. टॉटनहॅम 3-1 ने जिंकलं. लीगबाहेरच्या क्लबाने कप जिंकायची लीग सुरू झाल्यापासूनची ती एकमेव वेळ. पण हा तपशील फुटबॉलवेड्यांसाठी. तुम्ही फक्त एवढंच लक्षात घ्या की माणसं कमी आली, म्हणजे कागदही कमी खपला.

याला अपवाद 1923 च्या एफए कपच्या अंतिम सामन्याचा. वेम्बलीचं मैदान नवंकोरं, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम, अधिकृत आकडा 126,047 आणि खरा आकडा देवाला ठाऊक. लोक भिंतीवरून उड्या मारून आत शिरले, मैदानात गवत दिसेना, आणि बिली नावाच्या घोड्यावर बसलेल्या पोलिसाने त्यांना रेटत रेटत रेषेबाहेर नेलं. (घोडा करडा होता. चित्रफितीत पांढरा दिसला म्हणून त्या सामन्याला 'व्हाइट हॉर्स फायनल' म्हणतात. पुराव्यापेक्षा फोटोवर विश्वास ठेवायची खोड जुनीच आहे.) एवढी माणसं येऊनही त्याचा प्रोग्रॅम महाग आहे. साहजिकच आहे. भिंतीवरून उडी मारून आलेला माणूस प्रोग्रॅम विकत घ्यायला थांबत नाही.

आता मूल्यमापनाकडे येऊ, कारण खरी साधना तिथे आहे.

प्रोग्रॅम हातात आला की वाचायचा नाही. आधी पाठीवरच्या पिना बघायच्या. त्यांना गंज चढून मधल्या पानावर दोन तपकिरी डाग पडले असतील तर भाव उतरला. मग मधोमध उभी घडी आहे का ते बघायचं. असली, तर समजायचं की या गृहस्थाने तो कोटाच्या खिशात घातला होता. कडेला दोन भोकं दिसली तर पोरगा व्यवस्थित होता, त्याने फाइल केली होती. व्यवस्थितपणाचा दंड वेगळा. आणि एखाद्या पानाचा चौकोनी तुकडा कात्रीने कापलेला असेल तर लांबूनच नमस्कार करायचा. तिथे टोकन होतं. क्लब दर प्रोग्रॅममध्ये एक टोकन छापायचे. प्रेक्षकाने वर्षभर ती कापून एका तक्त्यावर चिकटवायची, आणि तक्ता भरला की कपच्या मोठ्या सामन्याच्या तिकिटावर त्याचा हक्क. म्हणजे जो पावसापाण्यात इमानेइतबारे प्रत्येक सामन्याला आला त्याच्याच संग्रहाला खिडक्या पडल्या, आणि जो फिरकला नाही त्याचा माल अखंड राहिला.

शिसपेनीचं लिखाण हा त्याहून मोठा दोष. ट्रान्झिस्टर खिशात यायच्या आधी दुसऱ्या मैदानांवर काय चाललंय ते कळायची एकच सोय होती. प्रोग्रॅममध्ये ए म्हणजे अमुक विरुद्ध तमुक, बी म्हणजे अमुक विरुद्ध तमुक अशी यादी छापलेली असे, आणि मध्यंतराला मैदानाच्या कडेच्या फळीवर त्या त्या अक्षरापुढे कुणीतरी आकड्यांच्या पाट्या अडकवत जाई. मग हजारो माणसं एकदम खाली बघून लिहायला लागत. असा एक प्रोग्रॅम उघडून बघा. 'डी'च्या पुढे 2-0 लिहिलंय, दोनचं शेपूट थंडीने वाकडं गेलंय. 'एफ'च्या पुढे आधी 1-1 लिहून थुंकी लावून पुसलंय आणि वर 1-2 केलंय. सेंटर फॉरवर्डच्या नावावर काट मारून बाजूला, ऐनवेळी भोंग्यावरून सांगितलेलं दुसरं नाव खरडलंय, स्पेलिंग चुकवून. खालच्या कोपऱ्यात चहाच्या पेल्याचा अर्धा गोल. त्या दुपारचं एवढं सगळं कागदावर शाबूत आहे, म्हणून व्यापारी त्याला 'खराब प्रत' म्हणतो आणि निम्म्याहून कमी पैसे देतो. उत्तम प्रत कुठली? जी कुणी उघडली नाही. त्याहून उत्तम? जिचा मालक सामन्यालाच गेला नाही.

आणि सर्वोत्तम? जो सामना झालाच नाही.

इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो. बाजार ठेवत नाही. 6 फेब्रुवारी 1958 ला बेलग्रेडहून परतणाऱ्या मँचेस्टर युनायटेडच्या संघाचं विमान म्युनिकहून उड्डाण करताना कोसळलं. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. दोन दिवसांनी, शनिवारी, ओल्ड ट्रॅफर्डवर वुल्व्ह्जशी सामना होता, आणि त्याचा प्रोग्रॅम छापून झाला होता. सामना पुढे ढकलला, गठ्ठे नष्ट केले, काही प्रती कुणाकुणाच्या हातून बाहेर पडल्या. त्या आज हजारो पौंडांत जातात. क्लबाचा पुढचा सामना 19 तारखेला झाला, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध. त्या प्रोग्रॅममध्ये मँचेस्टरच्या बाजूला अकरा रिकाम्या जागा छापल्या होत्या, कारण छपाईच्या वेळी संघात कोण असेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अपघातातून वाचलेले दोघे, ग्रेग आणि फोक्स, उभे राहिले. बाकीची जागा राखीव पोरांनी आणि घाईघाईने आणलेल्या खेळाडूंनी भरून काढली. त्यांतल्या क्राउदरची करारावर सही तर सामन्याच्या जेमतेम तास-दीड तास आधी झाली. भोंग्यावरून एकेक नाव आलं तसं लोकांनी त्या रिकाम्या जागांत लिहून घेतलं. युनायटेड 3-0 ने जिंकलं. आता तुम्ही संग्राहक आहात, तेव्हा तुम्हाला या दोन कागदांतला फरक यायला हवा. 19 तारखेचा सामना साठेक हजार लोकांनी पाहिला आणि त्यांतल्या पुष्कळांनी प्रोग्रॅम जन्मभर ठेवला, म्हणून तो त्या मानाने स्वस्त. त्यातही ज्याने हाताने अकरा नावं लिहिली त्याची प्रत आणखी स्वस्त. तुम्ही कोरी शोधा.

शाई एकाच प्रकारची चालते, खेळाडूच्या सहीची. त्यातही 'प्रिय केव्हिनला' असं लिहिलेलं नको. केव्हिन पावसात दोन तास गेटवर उभा होता, त्याला प्रेमाने नाव विचारून सही दिली गेली, आणि तिथेच त्याच्या वारसांचं नुकसान झालं. मोठ्या खेळाडूला भेटलात तर स्वतःचं नाव सांगू नका.

नकली मालाबद्दलही सांगायला हवं. 1966 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनीचा, प्रोग्रॅम मैदानावर अडीच शिलिंगांना मिळत होता. पुढे त्याच्या इतक्या नकला छापल्या गेल्या की त्या दिवशी वेम्बलीत होतो असं सांगणारे इंग्रज आणि त्या दिवशीचा अस्सल प्रोग्रॅम असल्याचं सांगणारे इंग्रज, दोघेही सारख्याच सावधपणे ऐकावेत. नक्कल म्हणून विकली तर ती स्मरणिका, अस्सल म्हणून विकली तर फसवणूक, आणि 'आजोबांच्या कपाटात सापडली' म्हणून विकली तर लिलाव. पण नकली म्हणजे नेहमी टाकाऊ असंही नाही. कपच्या अंतिम सामन्यांना मैदानाबाहेर भुरटे छापखानेवाले स्वतःचे बेकायदा प्रोग्रॅम विकायचे. घाईची छपाई, भिकार कागद, संघही कधी अंदाजाने. तेव्हा पोलीस त्यांना हुसकून लावत. आज त्यांना 'पायरेट' म्हणतात, आणि ते जमवणारे वेगळे आहेत. काही दिवसांनी पायरेटचीही नक्कल निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

विकायची वेळ आली की एक मौज अनुभवायला मिळेल. घेताना व्यापारी म्हणाला होता, 'असा पीस पुन्हा दिसायचा नाही.' त्याच्याकडेच तो घेऊन जा. तो चष्मा कपाळावर चढवेल, पिना बघेल, सुस्कारा टाकेल आणि म्हणेल की असे त्याच्याकडे चार पडलेत. किंमत-पुस्तकातला भाव दाखवलात तर समजावून सांगेल की तो विकायचा भाव आहे, घ्यायचा नाही. शिवाय बाजार थंड आहे. हे मात्र तो खरं बोलतो. साठच्या दशकातली ती बुटांच्या खोक्यांवाली पोरं आता सत्तरीच्या घरात पोचली आहेत. त्यांची खोकी एकापाठोपाठ एक पोटमाळ्यावरून खाली उतरताहेत, आणि नातवंडांना त्यांत काडीचा रस नाही. प्रत्येक नातवाला वाटतं, आजोबांनी आपल्यासाठी 35,250 पौंड ठेवलेत. खोक्यात 1978 असतं.

तरी निराश होऊ नका, पुढचा काळ तुमचा आहे. 2018 साली इंग्लंडच्या प्रीमियर लीगखालच्या तीन डिव्हिजनांतल्या क्लबांनी ठरवलं की प्रोग्रॅम छापायची सक्ती नको. खप घटला होता, खर्च निघत नव्हता, आणि सगळं फोनवर दिसतंच. म्हणजे इथून पुढे छापले जातील ते थोडे, वाचले जातील ते त्याहून थोडे. मोठ्या क्लबांच्या वाटेला जाऊ नका. हवामानाचा अंदाज बघून एखादा लहानसा क्लब निवडा, मंगळवारची रात्र, मैदानात तळं साचायची दाट शक्यता. लवकर पोचा. पाणी न शिरणारा फोल्डर आणि कापडी हातमोजे बरोबर ठेवा. दोन प्रती घ्या, एकही उघडू नका, चहा तर मुळीच घेऊ नका. रेफ्री छत्री घेऊन खेळपट्टी तपासायला आला की मनातल्या मनात देवाचा धावा करा. त्याने सामना रद्द केला तर गेटपाशी धावा आणि विक्रेत्याकडे उरलेला गठ्ठा काय भावाने देतोस ते विचारा. आणि पाऊस थांबून सामना सुरू झालाच, तर सरळ घरी या. बसून राहिलात तर एखादा गोल बघून टाळ्या वाजवाल आणि प्रोग्रॅमला घडी पडेल.