तर्जनीचे चौदा टक्के

आमच्या घरात सध्या एका पुस्तकांच्या कपाटावरून दोन तट पडलेत. सिंहगड रोडला राहणाऱ्या भाच्याने ऑनलाइन कटर मशीन मागवलं, लिफ्टमध्ये मावेनात म्हणून प्लायच्या शीट जिन्याने पाचव्या मजल्यावर चढवल्या आणि चार शनिवार-रविवार बाल्कनीत खटपट करून साडेसहा फुटी कपाट उभं केलं. कपाट बरं झालंय. डावीकडे किंचित झुकतं, पण शब्दकोशांचे खंड उजवीकडे लावल्यावर कळत नाही. सोसायटीने आवाजाबद्दल नोटीस दिली, ती वेगळी. खरा वाद ताई आणि भावजींचा. ताई म्हणते, "पुण्यातले सुतार काय संपले का? बोट तुटलं असतं म्हणजे?" भावजी म्हणतात, "जर्मनीत सगळे घरचं फर्निचर स्वतःच करतात. मामालाच विचार." मामा म्हणजे मी. चाकणमधून कंपनीने दोन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवलं, त्याला आता चौदा वर्षं झाली.

भावजींची साक्ष देताना मला जरा अडचण होते. मी इथे सुतारकामाला लागलो तो हौसेने नव्हे. खिडकीखाली बसायला एक बाक हवा होता. सुताराला बोलावलं, त्याने नीट मापं घेतली आणि आठवड्याने कोटेशन पाठवलं. तो आकडा वाचून मी त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन ड्रिल विकत घेतलं. (हातात धरायचं विजेवरचं ड्रिल १८९५ मध्ये याच गावात फाइन नावाच्या कंपनीने पहिल्यांदा बनवलं, हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त किंमत पाहत होतो.) आणि "सगळे स्वतःच करतात" म्हणजे काय, तर मापं लिहिलेला कागद घेऊन बांधकाम-सामानाच्या मोठ्या दुकानात जायचं. तिथला माणूस भिंतीएवढ्या करवतीवर फळ्या मिलिमीटरमध्ये कापून देतो. घरी उरतं भोकं पाडणं, स्क्रू पिळणं आणि पॉलिश पेपर घासणं. बोट घेणारं काम दुकानातच उरकलेलं असतं.

पुढे मलाही खाज सुटली आणि मी छोटा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत, घेतला. त्याच्या पात्यामागे जवळपास पात्याच्याच जाडीची एक पोलादी पट्टी उभी असते, रायविंग नाइफ म्हणतात तिला. लाकूड कापलं जाताना त्यातला ताण सुटतो आणि चीर पात्यावर मिटू पाहते. पट्टी ती चीर उघडी धरते. पट्टी नसेल तर पात्याच्या मागच्या बाजूचे दात, जे खालून वर येत असतात, लाकूड उचलतात आणि थेट समोर उभ्या माणसाकडे भिरकावतात. अर्धवट खोलीची खाच पाडायची होती, तेव्हा पात्याहून उंच असलेली ही पट्टी आड येत होती म्हणून मी ती काढली, आणि पुढच्या कामाला परत बसवली नाही. बीच झाडाच्या लाकडाची हातभर फळी पोटात बसली. तीन आठवडे जांभळा डाग होता. बायकोला मी जिन्यावर आपटलो असं सांगितलं.

आता भाच्याच्या बाल्कनीकडे. त्याने आणलेलं मशीन फरशी कापायचं, ज्याला आपण मार्बल कटर म्हणतो. त्यात लाकूड कापायचं दातेरी पातं बसवलं, प्लायच्या तुकड्याला चीर पाडली आणि मशीन त्याखाली उलटं आवळून टाकलं. झाला टेबल सॉ. हे त्याने इंटरनेटवर शिकायची गरजच नव्हती, पुण्यातल्या प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये सुतार हेच करतात. चार इंची पातं मिनिटाला बारा हजार फेरे घेतं. म्हणजे दाताचा वेग ताशी जवळजवळ दोनशे तीस किलोमीटर. वर पातं झाकणारा गार्ड नाही, मागे पट्टी नाही, आणि बटण मशीनबरोबर टेबलाखाली, लॉक करून ठेवलेलं. गुरुवारी लाइट गेली की सुतार चहाला जातो, आणि लाइट आली की खोलीत कुणी नसताना पातं आपलं आपण फिरू लागतं. माझ्या सॉचं बटण वीज गेली की पडतं आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. एवढाच फरक, पण फार मोठा.

भाच्याने हातमोजे घातले होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. फोटो पाहून मी आधी तेच काढायला लावले. फिरत्या पात्याजवळ कापडी मोजा म्हणजे पात्याला दिलेलं हँडल. बोटाच्या आधी मोजा अडकतो आणि मग सगळा हात ओढला जातो. त्याचा उलट मेसेज आला, "मामा, तिकडे बोट ओळखून थांबणारी करवत मिळते ना?" मिळते. स्टीफन गॅस नावाच्या अमेरिकन वकिलाने १९९९ मध्ये ती शोधली. त्वचेचा स्पर्श झाला की पाच मिलिसेकंदांत ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. मोठ्या कंपन्यांनी ती घेतली नाही म्हणून त्याने स्वतःच कंपनी काढली, आणि २०१७ मध्ये ती इथून जवळच्या वेंडलिंगेनच्या एका समूहाने विकत घेतली. तरी अमेरिकेत टेबल सॉमुळे इस्पितळात जाणाऱ्यांचा सरकारी अंदाज वर्षाला तीस हजारांच्या आसपास आहे, कारण बहुतेकांकडे साधीच करवत असते. माझ्याकडेही.

ताईच्या मुद्द्याला मात्र मला वेगळं उत्तर द्यायचं होतं. २०११ मध्ये आमच्या कोथरूडच्या घरात किचन केलं, तेव्हा हाच उलटा कटर हॉलमध्ये दीड महिना चालला. सुताराच्या डाव्या तर्जनीचं पेर आधीच गेलेलं होतं. तो आणि त्याचा पोरगेला मदतनीस रात्री त्याच हॉलमध्ये, भुशातच झोपायचे. तोंडाला रुमाल. लाकडाची धूळ कर्करोग देते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग देणाऱ्या गोष्टींत, टाकून सांगितलंय. आम्ही त्या दोघांना दोनदा चहा द्यायचो आणि त्याबद्दल स्वतःला चांगले समजायचो. "बोट तुटेल" असं तेव्हा ताई ओरडली नाही. मीही नाही. मी सनमायकाचा रंग चुकला म्हणून कटकट केली होती.

बोटाला किंमत नाही असं नव्हे. भारतातल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं, त्यात भाव लिहिलेले होते. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असं धरायचं, अख्खी तर्जनी १४ टक्के, तिचं एक पेर ९, करंगळी ७. पण हे मागायचं कुणाकडे? मालक हवा. आमच्या हॉलमधल्या त्या पोराचा मालक कोण होता? सुतार म्हणेल मी स्वतःच मजूर, इंटिरियरवाला म्हणेल मी फक्त डिझाइन दिलं, आणि आम्ही म्हणणार स्क्वेअर फुटावर काम दिलं, विषय संपला. इथे जर्मनीत १८८४ पासून अपघात विमा कायद्याने आहे आणि त्याचा हप्ता मालकच भरतो. ओक आणि बीचच्या धुळीने होणारा नाकाचा कर्करोग व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. ज्या कोटेशनला घाबरून मी पळालो, त्यात हे सगळं होतं. गंमत अशी की कारखान्यातल्या सुताराला जपणारा तो विमा माझ्यासारख्या तळघरातल्या हौशीला लागू नाही. मी पैसे वाचवले आणि त्या बदल्यात स्वतःची बोटं गहाण ठेवली.

त्यामुळे "स्वतः करावं की सुतार बोलवावा" या वादात मला रस उरलेला नाही. दोन्हीकडे तोच उलटा कटर आहे. भाच्याला मी सांगितलं, प्लाय मॉड्युलर किचन करणाऱ्या एखाद्याकडे पॅनेल सॉवर, म्हणजे अख्खी शीट कापणाऱ्या मोठ्या करवतीवर, कापून घे, मापं दिली तर बरेच जण कापून देतात, आणि घरी फक्त जोड. त्याने कुरकुरत ऐकलं, कारण कापण्यातच खरी मजा आहे. ती आहेच, मला माहीत आहे.

दिवाळीनंतर ताईकडे वॉर्डरोबचं काम निघतंय. तिला म्हटलं, सुताराला सांग, गार्ड आणि पट्टीवाला टेबल सॉ असेल तरच काम. कटर तीन-चार हजारांत येतो, तसला सॉ त्याच्या कितीतरी पट महाग.

"मग तो रेट वाढवून सांगेल."

"सांगेल."

"स्क्वेअर फुटामागे किती?"

म्हटलं, त्यालाच विचार. अजून तिने विचारलेलं नाही.