‘दुसऱ्याचं भंगार लोकांच्या गळ्यात मारू नका’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. घरासाठी संगणक घेताना कार्यालयांतून निघालेलं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण तपासून पुन्हा विकलं जाणारं मशीन घ्या, हा माझ्या लेखातला सल्ला म्हणजे दुसऱ्याचं भंगार गळ्यात मारणं. तेवढ्याच पैशांत ‘नवीन असेंबल्ड आय७, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क’ असं कोटेशन तुमच्या हातात आहे. एसएसडीचा (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचा) आग्रह म्हणजे फॅड. आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी वापरायच्या मोफत लिब्रेऑफिसने तुमच्या ग्राहकाच्या वर्ड फाइलची वाट लावली.

आधी माझी चूक. मूळ लेखात ‘घरासाठी कोणताही आय५ पुरेसा आहे’ असं वाक्य होतं. ते चुकीचं होतं, आणि ते वाचून कुणी फार जुनं मशीन उचललं असेल तर दोष माझा. वाक्य आता बदललं आहे. आय५ हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव २००९ पासून चालत आलंय, त्यामुळे नुसतं ‘आय५’ म्हटल्याने काहीच कळत नाही. खरी माहिती पुढच्या क्रमांकात असते. आय५-४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. क्रमांक पाच आकडी असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००, तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे बारावी. शेवटचं अक्षरही वाचा. ‘टी’ म्हणजे कमी वीज खाणारा आणि थोडा मंद. ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही: वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. स्वस्त म्हणून ‘एफ’ घ्यायचा आणि मग कार्डासाठी पुन्हा खिशात हात घालायचा, हे फार होतं.

पिढीला एवढं महत्त्व कशासाठी? विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेली यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीत साधारण रायझन २००० मालिकेपासून. सोबत टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी लागतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्यामुळे सातव्या पिढीचा आय७-७७०० वेगात आठव्या पिढीच्या आय३-८१०० पेक्षा सरस असूनही यादीबाहेर राहतो. यादीबाहेरच्या मशीनवर रूफससारख्या साधनाने अटींना वळसा घालून विंडोज ११ टाकता येतं, हे मला माहीत आहे. पण पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी त्यात नाही. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होणार, ते अशा भरवशावर चालवू नये.

आता तुमचं कोटेशन. त्यात ‘आय७’ एवढंच लिहिलंय, पुढचा क्रमांक नाही. खरी मेख इथेच आहे. इतक्या स्वस्त ‘नवीन’ आय७ मध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, आधी कुठेतरी वापरलेला प्रोसेसर असतो आणि त्याखाली एच६१ चिपसेटचा (जोडण्या सांभाळणाऱ्या जुन्या चिपचा) अनोळखी मदरबोर्ड. आय७-२६०० हा २०११ सालचा. नवीन असतो तो डबा, बोर्ड आणि वरचं वेष्टन. एच६१ चिपसेटला स्वतःचं यूएसबी ३.० नाही, साटाचा (डिस्क जोडण्याच्या मार्गाचा) वेग सेकंदाला ३ गिगाबिटवर थांबतो, म्हणजे पुढे चांगली एसएसडी लावलीत तरी ती निम्म्या वेगाने धावणार. रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची. विंडोज ११ ची यादी तर फारच लांब. तो आय७-२६०० ९५ वॅटचा आहे. आज लहान मिनी पीसीत येणारा ६ वॅटचा इंटेल एन१०० एकूण कामात जवळजवळ त्याच्या बरोबरीला येतो. आणि बाराव्या पिढीचा साधा आय३-१२१०० दोघांच्याही दुपटीने पुढे जातो. म्हणजे ‘आय७ आहे’ हे वाक्य एका ‘आय३’ पुढे हरतं.

अशा डब्यातला पॉवर सप्लाय जरूर पाहा. बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ असतं. लेबलवरच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॅट झाले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे खरी ताकद ती. उरलेला आकडा सजावटीचा. भार वाढला की असा सप्लाय मशीन अचानक बंद पाडतो, आणि बिघडताना कधी कधी बोर्ड किंवा डिस्कही सोबत नेतो.

मी रिफर्बिश्ड म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर असतात ते डेलचे ऑप्टिप्लेक्स, लेनोवोचे थिंकसेंटर, एचपीचे प्रोडेस्क, एलिटडेस्क अशा मालिकांचे डेस्कटॉप, तेही आठव्या पिढीपासून पुढचे. कार्यालयं ते शेकड्याने घेतात आणि भाडेकरार किंवा वॉरंटी संपली की सगळे एकदम बदलतात. मशीन बिघडलं म्हणून बाजारात आलेलं असतं असं नाही. त्यांची दुरुस्तीपुस्तिका कंपनीच्या साइटवर खुली असते. डब्यावरचा सर्व्हिस टॅग किंवा अनुक्रमांक तिथे टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली हे दिसतं, आणि बहुतेक कंपन्यांकडे मूळ कोणते भाग होते हेही. विकणारा ‘दोनच वर्षं वापरलंय’ म्हणाला तर खरंखोटं तिथेच कळतं. अनोळखी ‘नवीन’ बोर्डाबाबत अशी कुठलीच सोय नसते, बायॉसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेटही सहसा मिळत नाही.

एसएसडीला तुम्ही फॅड म्हणालात. इथे मी जरा थांबतो, कारण संगणक ‘जड चालतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक घरांत हेच असतं. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ८. मिळून १२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. विंडोज सुरू होताना, अपडेट चालू असताना, अँटिव्हायरस तपासत असताना हजारो लहान फाइली डिस्कभर विखुरलेल्या ठिकाणांहून मागवल्या जातात. अशा १००० वाचनांना हार्ड डिस्कला १२ सेकंद लागतात. साध्या साटा एसएसडीला एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरा: १००० वाचनं ०.१ सेकंदात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १० टक्क्यांवर, डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते ती यामुळे. त्या वेळी आय७ असो की आय३, तो नुसता वाट पाहत बसलेला असतो. १ टीबी हार्ड डिस्कऐवजी २५६ जीबी एसएसडी घ्या. फोटो-व्हिडिओंचा साठा मोठा असेल तर हार्ड डिस्क दुसरी म्हणून लावा. साटा एसएसडी आणि त्याहून वेगवान, महागडी एनव्हीएमई एसएसडी यांतला फरक मात्र घरगुती कामात क्वचितच जाणवतो; त्यावर जास्तीचा खर्च नको.

रॅमबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. एका वेळी पाच-सहा टॅब, पत्रं, मुलांचा अभ्यास यांना ८ जीबी भागतात. पण त्या ८ पैकी विंडोज ११ स्वतःलाच ३ ते ४ जीबी घेतं आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही आपला वाटा त्यातूनच काढतं. ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि मोठी एक्सेल शीट एकत्र उघडी राहणार असेल तर १६ च घ्या. ८ जीबीच्या दोन पट्ट्या १६ च्या एका पट्टीपेक्षा बऱ्या, कारण ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण, चालू होतं आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. खरेदीआधी एवढं पाहा: टॉवर आणि एसएफएफ (लहान आकाराच्या) डब्यांत लांब डीआयएमएम पट्टी लागते, पुस्तकाएवढ्या मायक्रो किंवा टायनी मशीनमध्ये लॅपटॉपची आखूड एसओ-डीआयएमएम. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

तुमचे आणखी दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत आणि ते मूळ लेखात यायला हवे होते. पहिला, एसएफएफ डब्याचा पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो आणि बोर्डावरचा कनेक्टरही बहुधा नेहमीचा २४ पिनांचा नसतो. बाजारातला सप्लाय त्यात सरळ बसत नाही. ग्राफिक्स कार्ड लावायचं तर लो-प्रोफाइल, वेगळी वीज न मागणारं, म्हणजे स्लॉटच्या ७५ वॅटांत भागणारं हवं. अनेक लहान मशीनमध्ये कंपनीची मर्यादा त्याहूनही कमी असते. खेळांसाठी संगणक हवा असेल तर हे मशीन घेऊच नका. दुसरा, वीज. एसएफएफ मशीन मिनी पीसीपेक्षा २५ वॅट जास्त खात असेल, तर रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरून ६० युनिटांचा फरक पडतो. दिवसरात्र चालू ठेवायचं असेल तर तो २१९ युनिटांवर जातो, आणि तेव्हा एन१०० चा मिनी पीसी किंवा ‘टी’ प्रोसेसरचं मायक्रो मशीन हीच योग्य निवड.

रिफर्बिश्ड मशीन घेताना विक्रेत्यासमोर अर्धा तास बसा. चालू करताच बायॉसमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा. कार्यालयाने लावलेलं कुलूप नंतर काढणं तुमच्या हातचं नाही. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर सीआर२०३२ ची बटन बॅटरी संपलीय. दोष किरकोळ, पण त्रास विचित्र: तारीख जुनी झाली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारतो आणि माणूस इंटरनेट बिघडलं म्हणून हैराण होतो. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवा. हार्ड डिस्क असेल तर ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळींचा कच्चा आकडा शून्य हवा. पेंडिंग शून्याहून जास्त म्हणजे डिस्कला काही जागा आत्ताच नीट वाचता येत नाहीयेत, ती नकोच. एसएसडी असेल तर आरोग्याची टक्केवारी पाहा. डब्याचं झाकण उघडून पंख्यातली धूळ आणि फुगलेले कपॅसिटर बघा. घरी आणल्यावर रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ चालू ठेवा, एकही चूक दिसली तर रॅम बदलून घ्या.

आणि विंडोजचा परवाना. ‘ॲक्टिव्हेटेड आहे’ यावर विसंबू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ इंग्रजी अक्षरांत टाइप करा. उघडलेल्या चौकटीत ‘ओईएम’ (मशीनसोबत आलेला) किंवा ‘रिटेल’ (सुटा विकत घेतलेला) दिसलं तर ठीक. ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ दिसलं तर तो संस्थांसाठीचा परवाना आहे. त्याची मुदत १८० दिवसांची असते आणि संस्थेच्या सर्व्हरकडून ती वारंवार वाढवून घ्यावी लागते. तुमच्या घरी तो सर्व्हर नसणार.

शेवटी लिब्रेऑफिस. तुमची फाइल बिघडली हे मी नाकारत नाही, कारण मात्र तपासा. पानं सरकली, तक्ते पुढच्या पानावर गेले, असं असेल तर दोष बहुतेक फॉन्टचा असतो. वर्डचा कॅलिब्री संगणकात नसला की लिब्रेऑफिस त्याच रुंदीचा कार्लिटो वापरतं आणि ओळी जागच्या जागी राहतात. पण वर्डने २०२३ पासून ॲप्टॉस हा नवा डीफॉल्ट फॉन्ट आणला. तो नसेल तर वेगळ्या रुंदीचा फॉन्ट लागतो, प्रत्येक ओळ थोडी कमी-जास्त भरते आणि दहाव्या पानापर्यंत सगळा मजकूर सरकलेला असतो. जे नुसतं वाचायला पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा. आपलं काम चालू असेपर्यंत फाइल लिब्रेऑफिसच्या ओडीटीमध्ये ठेवा आणि शेवटी एकदाच वर्डच्या डॉक्समध्ये काढा. मात्र ग्राहकाशी तीच फाइल रोज इकडून तिकडे जात असेल, किंवा एक्सेलमध्ये मॅक्रो आणि पॉवर क्वेरी असेल, तर तुमचं म्हणणं बरोबर: मायक्रोसॉफ्ट ऑफिस विकत घ्या. तुमची पोटापाण्याची गोष्ट आहे, तिथे काटकसर नको.

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीचंही तसंच. हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका. तसं नसेल तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता तिथूनच मशीन सुरू करा. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय आणि आवाज चालतो का, झोपवलेलं मशीन नीट जागं होतं का, हे पाहून मगच ठरवा. स्कॅनर बहुधा सगळ्यांत आधी अडतो.

तुमच्या कोटेशनबाबत विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागवा: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मदरबोर्डचं मॉडेल, रॅम डीडीआर३ की डीडीआर४, आणि पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टचे अँपिअर. इथे उत्तरात टाका. प्रोसेसर खरोखर दहाव्या-बाराव्या पिढीचा निघाला, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून तेच मशीन घ्या असं मी स्वतः सांगेन.