मागे उभं केलं म्हणजे डावललं असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वय 62 असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हक्कानं काका म्हणतो. बॉस्टन मॅरेथॉनच्या स्टार्टला धावपटूंना वेगाच्या क्रमानं उभं करून गटागटानं सोडतात, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन सुटका करून घ्यावी असं वाटलं नाही, म्हणून हे लांबलचक.

तुमचं म्हणणं असं: पैसे सगळे सारखेच भरतात, मग वेगवान मंडळी पुढे आणि बाकीचे तासभर ताटकळत मागे, असं का? प्रवेश देताना वय बघता, मग उभं करताना वय का विसरता? आणि वारीत लाखो माणसं चालतात, तिथं कोणी टायमिंग सर्टिफिकेट, म्हणजे आधीच्या शर्यतीतल्या वेळेचा दाखला, मागत नाही.

वारीचं आधी. माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे 27 दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे. प्रत्येक दिंडीला नंबर, प्रत्येकीची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. म्हणजे क्रम तिथंही आहे, आणि चांगला कडक आहे. फक्त तो वेगावरून लावावा लागत नाही, कारण सगळे रथाच्या चालीनं चालतात. शर्यतीत प्रत्येकाची चाल वेगळी, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

बॉस्टनची शर्यत जिथून सुटते त्या हॉपकिंटन गावातला रस्ता जेमतेम 39 फूट रुंद आहे, म्हणजे साधारण 12 मीटर. एका माणसाला खांदे हलवायला मीटरभर जागा धरली तर एका ओळीत बाराजण. सेकंदाला एक ओळ रेषेवरून गेली तरी मिनिटाला 720 माणसं. हा माझा ढोबळ हिशोब आहे, पण 30,000 लोकांना नुसती स्टार्टची रेषा ओलांडायला यात चाळीस मिनिटं लागतात. तुम्ही कोणालाही पुढे उभं करा, हा आकडा बदलत नाही. कोणीतरी चाळीस मिनिटांनीच निघणार. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणत्या क्रमानं निघालं तर लोक एकमेकांच्या पायात येणार नाहीत.

त्यात हॉपकिंटनमधून निघाल्या निघाल्या सरळ उतार आहे. किलोमीटरला चार मिनिटांनी पळणारा मागे आणि सात मिनिटांनी पळणारा पुढे असला, तर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये हजारो वेळा ओव्हरटेक होणार, तेही उतारावर, कोपराला कोपर लावून. पडतो कोण? बहुतेक वेळा पुढचा, हळू असलेला. क्रम लावल्यानं वेगवानाची सोय होते तेवढीच हळू पळणाऱ्याची पाठ राखली जाते. आपल्याकडच्या शर्यतींत पहिल्या किलोमीटरला पाचजणांचा ग्रुप हातात हात घालून सेल्फी काढत रस्ताभर पसरलेला असतो, त्यांच्या मागे अडकलाच असाल कधीतरी. त्यांच्या बिबवर, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावर, बहुतेकदा मागच्या सेक्शनचं अक्षर असतं, बरं का. आयोजकांनी अक्षर छापलेलं असतं, ते गेटवर बघायला मात्र कोणी नसतं.

पुढे उभं राहणं हा मान आहे, हेही मला पटत नाही. बॉस्टनला सर्वांत आधी व्हीलचेअरवाले सुटतात, कारण उतारावर त्यांचा वेग पळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आघाडीच्या स्त्रियांना 2004 पासून वेगळं सोडतात, म्हणजे त्यांची शर्यत पुरुषांच्या गर्दीत हरवत नाही. आणि मुंबईत तर उलटंच आहे: पूर्ण मॅरेथॉनचे हौशी धावपटू सीएसएमटीहून अंधारात निघतात, एलिट मंडळी सात वाजून गेल्यावर.

आता वयाचा मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात जोरकस. 2026 च्या बॉस्टनसाठी पात्र ठरायला 18 ते 34 वयाच्या पुरुषाला आधीच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 55 मिनिटं हवी होती, तुमच्या वयोगटाला 3 तास 50. ही सवलत नव्हे. त्या वयात 3:50 काढणं तेवढंच कठीण आहे. पण प्रवेश कोणाला द्यायचा आणि रस्त्यावर कुठं उभं करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा तुम्ही 3:40 ला पात्र झालात. वयाच्या हिशोबानं तुमची जागा 2:45 पळणाऱ्या पोराशेजारी. तो किलोमीटरला 3:55 नं सुटणार, तुम्ही 5:13 नं. पहिल्या वळणापर्यंत तुम्हाला धक्के बसतील किंवा तुम्ही त्याच्या नादानं पळाल आणि पुढे वाटेतल्या न्यूटनच्या चढांवर पाय संपतील. 3:40 वाल्यांच्या कॉरलमध्ये, म्हणजे स्टार्टआधी उभं राहायच्या कप्प्यात, तुमच्या आजूबाजूला पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका असतील, तुमच्या वयाचे चारदोन काका असतील, सगळे तुमच्याच पेसचे. तिथं तुम्ही चांगले पळाल.

शिवाय बॉस्टनमध्ये तुमची वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते. 1996 ला, शंभराव्या शर्यतीला, बॉस्टनमध्ये 38,000 च्या आसपास लोक होते आणि बुटाला प्रत्येकाची वेळ मोजणारी चिप आली. एकाच बंदुकीऐवजी वेव्हमध्ये, म्हणजे थोड्या थोड्या वेळानं एकेक गट, सोडणं 2006 ला सुरू झालं. चिप नसती तर वेव्ह लावणं हा शुद्ध अन्याय ठरला असता.

हे नीट दिसतं ते दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, जिथं आपल्याकडचे कितीतरी जण जातात. तिथंही ए, बी, सी अशा बॅच, पण बारा तासांचं घड्याळ वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी एकाच बंदुकीपासून चाललं. शेवटच्या बॅचमधला माणूस रेषेपर्यंत चालत जाईस्तोवर त्याची मिनिटं गळत राहायची, आणि बारा तासांवर एक सेकंद झाला की पदक नाही. तुमचा राग मी तिथं पूर्ण समजू शकतो. ज्याला मिनिटांची सर्वांत जास्त गरज त्याचीच मिनिटं कापायची, याला काही अर्थ नाही.

उलट बाजूनंही घोळ होतो. वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या नियमात अधिकृत वेळ आणि क्रम बंदुकीपासूनच धरतात. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका महिला मॅरेथॉनला आघाडीच्या स्त्रिया वीस मिनिटं आधी सुटल्या. मागच्या गर्दीतून निघालेल्या एका शिक्षिकेनं 2:55 वेळ दिली, घोषित विजेतीपेक्षा सुमारे अकरा मिनिटं कमी, आणि बक्षीस समारंभात तिचं नावच नाही. बराच गदारोळ झाल्यावर तिलाही विजेती म्हटलं गेलं. नियम मला मान्य आहे, समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी कोणी कसं लढणार? पण बाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल!

बॉस्टनमध्ये मागच्यांना ऊन जास्त लागतं, ही तुमची तक्रार खरी आहे. शेवटची वेव्ह पहिलीनंतर तासाभराहून अधिक उशिरा निघते. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. पाण्याच्या टेबलांवर झुंबड टाळायची तर मधलं अंतर लागतंच.

शेवटी तुम्ही विचारलंत, सूनबाई पुढच्या वेव्हमध्ये असतील तर तुम्हाला त्यांच्यासोबत पळता येईल का. तुम्हाला पुढे जाऊ देणार नाहीत, पण त्या मागे तुमच्या कॉरलमध्ये येऊ शकतात. हॉपकिंटनला जायच्या बसही वेव्हनुसार सुटतात, तेव्हा सकाळी कोणत्या बसनं निघायचं ते दोघांनी आधीच ठरवून ठेवा.